पंप, वाफ आणि ठिणगी : ज्वालाग्राही रसायनांच्या कारखान्यातील दक्षता

महोत्सवी स्मरणिकेत पंपावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. बडोद्याच्या भोवताली नजर टाकली की त्याचे उत्तर मिळते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापिले. तेथील प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर व अमीन या आपल्या शिष्यांसह १९०७ साली अलेम्बिकचा पाया घातला, आणि मद्यार्क व टिंक्चरे यांपासून येथील रसायनधंद्याला आरंभ झाला. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना चालू झाला. त्यामागोमाग खते, प्लॅस्टिक, रंग आणि औषधे यांचे कारखाने उभे राहिले. आज आपल्या कितीतरी घरांतून मुलगा, जावई किंवा सून पाळी सांभाळण्यासाठी कोयली-नंदेसरीच्या वाटेने जाते, आणि घरची माणसे त्यांच्या परतण्याची वाट पाहतात.

ह्या कारखान्यांतून सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत कमी कौतुक होणारे यंत्र म्हणजे पंप. टाकीतील रसायन भट्टीकडे, भट्टीतून गाळणीकडे आणि गाळणीतून पिंपाकडे नेण्याचे काम तो रात्रंदिवस करतो. ते रसायन पाणी असेल तर पंप बिघडल्याने फार तर काम खोळंबते. ते टोल्युइन, मेथनॉल, ॲसिटोन किंवा पेट्रोल असेल, तर तोच बिघाड जीवावर बेतू शकतो. पंप स्वभावतः धोक्याचा असतो असे नव्हे. त्याचा स्वभाव न ओळखता तो चालविणे धोक्याचे असते. तो स्वभाव सामान्य वाचकांसही समजेल अशा भाषेत सांगण्याचा आम्ही येथे यत्न करीत आहोत.

द्रव नव्हे, वाफ पेटते

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत विशिष्ट प्रमाणात मिसळली तरच. टोल्युइनची वाफ हवेत शेकडा १.१ पासून सुमारे ७ पर्यंत असेल तेव्हाच ती पेट घेते. त्याहून कमी असल्यास जळण्यास पुरेशी वाफ नसते, आणि अधिक असल्यास पुरेशी हवा नसते. मेथनॉलच्या बाबतीत ही मर्यादा ६ पासून ३६ पर्यंत, म्हणजे फारच रुंद आहे.

कोणत्या तपमानास एखादा द्रव पेटण्याजोगी वाफ देऊ लागतो, ह्याचेही माप ठरलेले असते. त्यास ज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस, ॲसिटोनचा शून्याखाली सुमारे २०, टोल्युइनचा ४ आणि मेथनॉलचा ११ अंश आहे. बडोद्याच्या थंडीतल्या पहाटेही पारा सहसा ह्या मापांखाली उतरत नाही. अर्थात हे द्रव आपल्याकडे बाराही महिने पेटण्याच्या तयारीत असतात. आपल्या कायद्यानेही २३ अंशांहून कमी ज्वलनांक असलेल्या पेट्रोलियम पदार्थांस ‘अ’ वर्गात घालून त्यांच्यासाठी सर्वांत कडक नियम केले आहेत. ते अमलात आणणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवावरच्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की ती बहुधा पेटू शकत नाही. टोल्युइन पेट्रोलहून सौम्य मानले जाते, पण पंचवीस-तीस अंश तपमानास त्याच्या टाकीतील वाफेचे प्रमाण शेकडा चार-पाचच्या घरात, म्हणजे अगदी स्फोटाच्या मर्यादेत येते. म्हणून सौम्य रसायन म्हणजे निर्धोक टाकी, असा हिशेब करता येत नाही.

ह्या वाफा हवेपेक्षा जड असतात. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून अधिक जड असते. ती वर निघून न जाता जमिनीसरशी पसरते, गटारात व खड्ड्यात साचते आणि वाऱ्याबरोबर दूर जाते. आपल्या भगिनींस हे नवीन नाही. सिलिंडरचा गॅस गळल्याचा वास आला तर दारे-खिडक्या उघडाव्या, दिव्याचे बटण लावूही नये आणि मालवूही नये, हे त्या जाणतात. कारखान्यातील नियम त्याच जातीचा आहे, परिमाण मात्र मोठे. जयपूरजवळ सीतापुरा येथील तेलसाठ्यात २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोल दुसरीकडे पाठविण्याची तयारी चालू असता एका झडपेपाशी गळती सुरू झाली. तासाभराहून अधिक वेळ पेट्रोल वाहत राहिले, वाफेचा ढग सर्व आवारावर पसरला आणि कोठेतरी ठिणगी मिळताच त्याचा स्फोट झाला. अकरा माणसे दगावली आणि आग जवळजवळ अकरा दिवस धुमसत राहिली. गळतीच्या जागी ठिणगी पडण्याची गरज नसते. वाफ आपण होऊन ठिणगीपर्यंत चालत जाते.

ठिणगीची तीन घरे

पंपापाशी ठिणगी किंवा उष्णता तीन वाटांनी येते.

पहिली वाट विजेची. ह्याकरिता पंपास ज्वालारोधक, कारखान्याच्या बोलीत ‘फ्लेमप्रूफ’, मोटार लावतात. अशा मोटारीत वाफ शिरत नाही असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. वाफ शिरते, आत पेटूही शकते. परंतु मोटारीचे कवच तो लहानसा स्फोट सोसते, आणि झाकणाच्या सांध्यातील लांब व अरुंद फटीतून बाहेर पडताना ज्वाला थंड होऊन विझते. खाणीतल्या दिव्याभोवती जाळी बसवून हंफ्री डेव्हीने १८१५ साली धातूच्या ज्या गुणाचा उपयोग केला, त्याचाच हा विस्तार होय. ह्यावरून फिटरने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. झाकणाचा एक बोल्ट कमी बसविला, सांध्यावर ओरखडा पडू दिला किंवा तार आत शिरते ते भोक उघडे ठेवले, तर हजारो रुपयांची मोटार साध्या मोटारीच्या पंक्तीला जाऊन बसते. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र फरक दिसत नाही.

दुसरी वाट स्थिर विजेची. द्रव नळातून वाहताना घर्षणाने विद्युत्‌भार निर्माण होतो. टोल्युइन व हेक्झेन यांसारखे द्रव विजेचे मंद वाहक असल्यामुळे तो भार निघून न जाता साचत राहतो. टोल्युइनची वाफ पेटविण्यास सुमारे पाव मिलिज्यूल शक्ती पुरते. हिवाळ्यात लोकरी कपडा काढताना बोटाला जो झटका जाणवतो, त्यात ह्याहून अधिक शक्ती असू शकते. म्हणून पंप, नळ, टाकी आणि पिंप ही सर्व तारेने एकमेकांस जोडून जमिनीशी जोडावी लागतात. पिंपाचे बूच उघडण्यापूर्वी अर्थिंगची पकड लावावी, आणि ती रंगावर न लावता उघड्या धातूवर लावावी. द्रव वरून धारेने सोडू नये. नळी तळापर्यंत न्यावी. तिचे तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदास एक मीटरच्या आत राखावा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पडद्याच्या पंपास वीज लागत नाही, तेव्हा त्यास अर्थिंग कशाला, असे कित्येकदा ऐकू येते. पण साध्या प्लॅस्टिकच्या अंगाचा असा पंप स्थिर भार साठविण्यात कोणाला हार जाणारा नाही. ज्वालाग्राही द्रवासाठी तो वाहक अंगाचाच घ्यावा आणि त्यास अर्थिंग करावेच.

तिसरी वाट तापलेल्या धातूची, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित वाट हीच. मोटारीच्या पाटीवर टी-३, टी-४ अशी अक्षरे असतात. टी-३ म्हणजे पृष्ठभाग २०० अंशांवर जाणार नाही, टी-४ म्हणजे १३५ अंशांवर जाणार नाही. ईथरची वाफ १६० ते १८० अंशांच्या सुमारास ठिणगीवाचूनही पेटते, म्हणून तेथे टी-३ चालत नाही. कार्बन डायसल्फाइडला तर ९० अंशांच्या आसपासचा पृष्ठभागही पुरतो. परंतु पाटी बोलते ती मोटारीबद्दल, आणि तीही मोटार धड असेपर्यंत. वंगण संपलेले बेअरिंग, घासणारे सील किंवा संरक्षक जाळीला लागणारे कपलिंग पाटी वाचून तापायचे थांबत नाही.

पंपाची दोन दुखणी

बहुतेक कारखान्यांत पंप असतो तो फिरत्या पंख्याचा. त्याचा दांडा पंपाच्या पोटातून बाहेर येऊन मोटारीस मिळतो. जेथे दांडा बाहेर येतो तेथे द्रवही बाहेर येऊ पाहतो. पूर्वी तेथे ग्लँडमध्ये दोरी ठासून भरीत, आणि दोरी थंड राहावी म्हणून थेंब थेंब गळू देत. पाण्याला ते चालते, टोल्युइनला चालत नाही. म्हणून मेकॅनिकल सील आले. त्यात दोन अत्यंत गुळगुळीत कड्या एकमेकींवर फिरतात, आणि त्यांच्यामध्ये द्रवाचाच अतिशय पातळ थर वंगणाचे काम करतो. अधिक धोक्याच्या जागी अशा दोन जोड्या बसवून मध्ये निरुपद्रवी द्रव पंपाहून अधिक दाबाने ठेवतात. त्या द्रवाच्या भांड्यातील पातळी उतरू लागली की सीलची एखादी कडी झिजली असे समजावे. पाळीच्या माणसाने त्या भांड्याकडे टाकलेली एक नजर पुष्कळ काम करते.

आता पहिले दुखणे. टाकी रिकामी झाली, सक्शनचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडला किंवा गाळणी तुंबली, की पंप कोरडा चालू लागतो. वंगणाचा थर नाहीसा होतो, कड्या कोरड्या घासतात आणि थोड्याच वेळात कमालीच्या तापतात. त्या क्षणी पंपाच्या पोटात वाफ आणि हवा दोन्ही असण्याचा संभव असतो. चुंबकाच्या जोरावर फिरणाऱ्या, सीलविरहित पंपांत गळतीची भीती कमी असते खरी. पण त्यांची आतली बेअरिंगे वाहत्या द्रवावरच जगतात, म्हणून कोरडे चालणे त्यांना अधिकच मारक होय.

दुसरे दुखणे ह्याच्या उलट. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद राहिला आणि पंप चालूच राहिला. आवाज ठीक, गळती नाही, सर्व शांत. आणि त्यामुळेच कोणी पाहत नाही. पण मोटार जी शक्ती देते ती जाणार कोठे? ती सर्व द्रव तापविण्यात जाते. साधा हिशेब करून पाहू. पंपाच्या पोटात दहा लिटर टोल्युइन आहे, पंपाचे वजन पन्नास किलो आहे आणि पंख्यावर पाच किलोवॅट शक्ती पडते आहे. लोखंड शोषील ती उष्णता जमेस धरली तरी तपमान मिनिटाला सात-आठ अंशांनी चढते. तीस अंशांवरचे टोल्युइन दहा-बारा मिनिटांत आपल्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे ११० अंशांच्या आसपास येते. चहाचा एक पेला पिऊन येण्यास इतकाच वेळ लागतो. पुढे दाब वाढतो, सील फुटते आणि उकळते रसायन वाफ होऊन बाहेर पडते. ह्यावर उपाय म्हणजे थोडा द्रव सतत टाकीकडे परत नेणारा नळ, तसेच प्रवाह थांबल्यास किंवा तपमान चढल्यास मोटार आपोआप बंद करणारे साधन. दाते असलेल्या गिअर पंपाचे तोंड तर क्षणभरही बंद ठेवू नये. दाब सोडणारा व्हॉल्व्ह नसेल तर तो नळच फोडील.

सुरू करण्याचा क्रम

आता प्रत्यक्ष आचरणाच्या गोष्टी. नोंदवही आणि परमिटे वाचल्याशिवाय बटणास हात लावू नये. मग अर्थिंगची तार, कपलिंगची जाळी, सीलच्या भांड्यातील पातळी आणि बेअरिंगचे तेल पाहावे. वीज तोडलेली असताना दांडा हाताने फिरवून तो मोकळा असल्याची खात्री करावी, आणि जाळी परत बसवावी. सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा. प्रवाह कमी करणे असल्यास तो डिलिव्हरीने करावा, सक्शनने कदापि करू नये. पंपातील हवा काढून तो द्रवाने भरावा. मोटार दुरुस्तीहून आली असेल, तर कपलिंग सोडवून ती योग्य दिशेने फिरते की नाही हे आधी पाहावे. डिलिव्हरी किंचित उघडून पंप चालू करावा, हळूहळू पूर्ण उघडावी, आणि दाब व विजेचे माप स्थिर होईपर्यंत तेथून हलू नये. खडखडाट, थरथर किंवा नेहमीपेक्षा निराळा वास आला तर पंप थांबवावा. कारण मागाहून शोधता येते.

वाफेचा ढग दिसला तर व्हॉल्व्ह बंद करण्यासाठी त्यात धावत जाऊ नये. दूरचे थांबविण्याचे बटण दाबावे, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे आणि इतरांस सावध करावे. शौर्य दाखविण्याच्या भरात माणसे गेल्याची उदाहरणे ह्या धंद्यात पुष्कळ आहेत.

एका पंपाची कथा

यंत्र उत्तम, मोटार ज्वालारोधक, माणसे अनुभवी, आणि तरीही अनर्थ, असे घडू शकते काय? घडले आहे. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन बंदरापासून सुमारे १९० किलोमीटरवर उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल व वायू काढणारा मंच होता. तेथे वायूपासून मिळणारा हलका द्रव पुढे ढकलण्यासाठी ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पंप होते. ६ जुलै १९८८ रोजी दिवसपाळीत ‘अ’ पंपाच्या नळावरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता. संध्याकाळपर्यंत तो परत बसविता आला नाही, म्हणून मोकळ्या तोंडावर लोखंडी चकती लावून काम दुसऱ्या दिवसावर टाकले. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचे दुसरे परमिट निराळेच होते, आणि ती दुरुस्ती सुरू झालेली नव्हती.

रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘ब’ पंप बंद पडला आणि काही केल्या चालू होईना. तो चालला नाही तर मंचाची वीजच जाण्याची भीती होती. रात्रपाळीच्या माणसांस मोठ्या दुरुस्तीचे परमिट ठाऊक होते आणि ते काम सुरू झाले नाही हेही ठाऊक होते. व्हॉल्व्ह काढल्याचे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि ते परमिट दुसऱ्या कचेरीत पडले होते. व्हॉल्व्हची जागा पंपापासून उंचावर, सहज नजरेस न पडणारी. त्यांनी ‘अ’ पंप चालू केला. चकती सैल होती, तेथून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. मंचावरील २२६ जणांपैकी १६५ आणि मदतीस गेलेले दोन असे १६७ जण प्राणांस मुकले. लॉर्ड कलन यांनी चौकशी करून १९९० साली अहवाल दिला. त्यात वरील घटनाक्रम हेच बहुधा कारण असल्याचा निष्कर्ष काढून १०६ शिफारशी केल्या.

वाचकांनी विचार करावा. ह्या पंपास ज्वालारोधक मोटार काय करील? सील काय करील? उणीव होती ती एका वाक्याची. ‘व्हॉल्व्ह काढला आहे, पंप चालवू नये’ एवढेच शब्द दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे जावयाचे होते. तेवढी एक चिठ्ठी पंपाच्या बटणावर टांगलेली असती आणि त्याच्या स्विचला कुलूप घातलेले असते, तर ती रात्र कदाचित इतर रात्रींसारखीच गेली असती.

म्हणून आमचे सांगणे असे की, ज्वालाग्राही रसायनाच्या पंपाची सुरक्षितता अर्धी लोखंडात असते आणि अर्धी सांगण्यात असते. ज्याने पंप उघडला त्याने आपले कुलूप आपल्या हाताने लावावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी. काम अपुरे राहिले तर पुढच्या पाळीच्या माणसास पंपाजवळ नेऊन, बोट दाखवून सांगावे; वहीत लिहून गाडी पकडावयास धावू नये. आणि पाळी घेणाऱ्यानेही, समजले असे म्हणण्यापूर्वी, दोन प्रश्न विचारण्याची लाज बाळगू नये. वयाने मोठ्या कारागिरास धाकट्याने ‘काका, हा पंप उघडला होता का?’ असे विचारल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

घरच्या मंडळींनाही येथे काही करता येण्यासारखे आहे. पाळी बदलताना दहा-पंधरा मिनिटे उशीर झाला, गाडी चुकली, जेवण थंड झाले, तर त्याबद्दल बोल लावू नये. तो वेळ बहुधा ह्या सांगण्यातच गेलेला असतो. उलट दुसऱ्या पाळीहून आलेल्या मुलास कधीतरी सहज विचारावे, ‘आज पाळी नीट सोपवून आलास ना?’ हा प्रश्न घरात विचारला जातो हे ज्याला ठाऊक आहे, तो कारखान्यातही ते विसरणार नाही. हा लेख वाचून आपल्या घरांपैकी काही घरांत जरी हा प्रश्न रूढ झाला, तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.